पोटातलं आणि पिशवीतलं

रंगूनहून मंडालेला जायचे मार्ग पुष्कळ आहेत. ज्याच्याकडे आहे तो विमानानं जातो, ज्याच्याकडे त्याहून कमी आहे तो गार हवेच्या बसनं जातो, आणि नोकरदार रेल्वेनं जाऊन पुढे महिनाभर रेल्वेला नावं ठेवतो. दॉ ओन यिन या सगळ्यांच्या खालच्या पायरीवर होती. जुन्या रस्त्यानं दिवसा जाणारी साधी बस तिनं धरली होती, आणि त्या बसमध्येही सीट घेतली नव्हती. दोन रांगांच्या मधल्या वाटेत प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं मांडतात, त्यातलं एक घेतलं होतं. स्टुलाला पाठ नसते, हात नसतात, आणि मागच्याला डुलकी लागली की त्याचं डोकं आपल्या पाठीवर येऊन टेकतं. पण सीटवर बसून येतं तेच मंडाले स्टुलावर बसूनही येतं, असा तिचा हिशेब होता. पहाटे उठून गल्लीच्या तोंडाशी माशाच्या रश्श्यातल्या शेवया विकून जिनं घर उभं केलं, तिला हिशेब शिकवायची रंगूनच्या थाकेता भागात कुणाची टाप नव्हती.

मंडालेला तिचा धाकटा भाऊ होता, तुन वे. सोन्याचा वर्ख कुटायचं काम करायचा. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याच्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं. शेजारच्या फोनवरून त्याची बायको बोलली, की हे म्हणतायत, ताईच्या हातचं आंबट बांबूच्या कोंबातलं डुकराचं मटण मिळालं तर दोन घास जातील. पुढे तिनं असंही सांगितलं, की तेच मटण तिनं स्वतः करून पाहिलं होतं, आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. हे सांगताना भावजयीचा आवाज कसा झाला होता ते ओन यिनला नीट ऐकू आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातून तिला थोडं बरंही वाटलं होतं.

तर तिनं मटण शिजवलं. तेल वर येईतो आटवलं, दुधाच्या पावडरीच्या डब्यात भरलं, झाकणाच्या कडेनं मेणबत्तीचं मेण ओतलं, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या आणि डबा पिशवीत मासळीच्या ठेच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. त्या ठेच्याचा वास असा, की त्याच्याआड हत्तीसुद्धा लपला असता.

एवढा बंदोबस्त कशासाठी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. डुकराचं मटण घेऊन लांबच्या वाटेला लागायचं नसतं. वाटेच्या देवांना त्याचा विटाळ असतो, आणि मंडालेकडची वाट तर तौंब्योन गावच्या दोघा देवभावांची. ते दोघे नुसत्या नावानं भडकतात. गाडी बंद पडते, चाक निखळतं, माणसं दगावतात. न्यायचंच झालं तर त्याचीही सोय आहे. देवांना आधी सांगायचं, वाटेत एक तुकडा टाकायचा, हात जोडायचे. ओन यिननं पहिला भाग घरी उरकला होता. देवाच्या नावानं टांगलेल्या नारळापुढे उभी राहून ती पुटपुटली होती, की आजारी माणसासाठी नेतेय, जरा पलीकडे बघा. तुकडा टाकायचं काम तिनं पहिल्या थांब्यावर ठेवलं होतं. मेण लावून बंद केलेला डबा चारचौघांत उघडायचा कसा, हा विचार मात्र राहून गेला होता. हिशेबी माणसाचं असं एखादं राहूनच जातं.

पहाटे गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर को वुन्नानं आरशाला मोगऱ्याचा गजरा आणि जांभळीची डहाळी बांधली, हात जोडले आणि कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर को न्योनं दारात उभं राहून रोजचा प्रश्न विचारला, कुणाकडे डुकराचं काही नाही ना. गाडी शाळेतल्या पोरांसारखी एका सुरात नाही म्हणाली. ओन यिन त्या वेळी स्टुलाखाली वाकून पिशवीची गाठ आवळत होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तेव्हा ते तिला पटलंसुद्धा.

तिच्या स्टुलाला लागून सीटवर एक म्हातारा होता, ऊ हान टिन. मूळचा पेगूचा, रंगूनला सायकली दुरुस्त करणारा. तिला टेकायला काही नाही हे पाहून तो खिडकीकडे सरकला आणि सीटचा हात त्यानं तिच्यासाठी मोकळा सोडला. मांडीवर वेताची टोपली, ती तो खाली ठेवायला तयार नव्हता. मंडालेला त्याचा थोरला भाऊ गेला होता आणि उद्या सकाळी सातवा होता. सातव्यापर्यंत गेलेला माणूस घरातच घुटमळतो. त्या दिवशी भिक्षूंना जेवू घालायचं, पाणी सोडायचं, पुण्याचा वाटा त्याला द्यायचा, मग तो सुटतो. भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत, तेव्हा जे व्हायचं ते सकाळीच.

‘जिवंतपणी भेटायला पोचलो नाही,’ तो म्हणाला, ‘मातीलाही पोचलो नाही. सातव्याला पोचतो म्हणून कळवलंय.’

ओन यिननं तोंडानं चकचक केलं आणि आपल्याही भावाचं सांगितलं. ऑपरेशनचं सांगितलं, अन्न जात नाही हे सांगितलं. काय घेऊन चाललोय तेवढं गाळलं.

तौंगूच्या अलीकडे चाक बसलं. लोक उतरले, हातपाय मोकळे केले, चहा प्यायले. पिनमना ओलांडलं आणि पंख्याचा पट्टा तुटला. या खेपेला लोक उतरले ते कुरकुरत. को वुन्नानं दुसरा पट्टा चढवला आणि गजराही नवा बांधला. पुढे यमेथिनच्या अलीकडचा तो रखरखीत पट्टा लागला, जिथं ताडाशिवाय दुसरं फारसं काही उभं राहत नाही. तिथं ऐन उन्हात इंजिनानं दोन उसासे टाकले आणि गाडी गप्प झाली.

को वुन्ना खाली उतरला. बॉनेट उघडून वाफ जाऊ दिली. मग हात पुसत परत वर आला आणि इंजिनाकडे पाहायचं सोडून प्रवाशांकडे पाहत राहिला.

‘एकदा झालं, मी बोललो नाही,’ तो म्हणाला. ‘दुसऱ्यांदा झालं, तरी बोललो नाही. आता ज्याच्याकडे असेल त्यानं सांगून टाका. मी काही त्याला खाणार नाही.’

ओन यिनला वाटलं, आपल्या कानशिलांवरून घाम वाहतोय तो सगळ्यांना दिसतोय. पण घाम सगळ्यांनाच आला होता.

मग को न्यो एकेक पिशवी उघडत निघाला. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या पिशवीत वाळवलेली मासळी निघाली, एका मास्तरीणबाईंच्या पिशवीत लावीची उकडलेली अंडी. ओन यिनच्या पिशवीत त्यानं नाक घातलं आणि तितक्याच झटक्यानं बाहेर काढलं.

‘मावशी, हा ठेचा मंडालेला नेताय की कुणाचा जीव घ्यायला?’

लोक हसले. तीही हसली.

मग ऊ हान टिनची टोपली. तिच्यात लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचे जुडगे, जाळायचे सोनेरी कागद आणि केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. को न्योनं एक लाल मेणबत्ती उचलून उजेडात धरली.

‘काका, चिनी का तुम्ही?’

बाप चिनी, आई पेगूची, असं म्हाताऱ्यानं सांगितलं.

‘डुकराचं खाता?’

‘खातो.’

‘शेवटचं कधी खाल्लं?’

इथं शहाण्या माणसानं आठवत नाही म्हणायचं असतं. ऊ हान टिननं डोळे मिटून खरोखर आठवायचा प्रयत्न केला. ‘आज पहाटेच,’ तो म्हणाला, ‘गाडीतळावर. काड्यांना लावून विकतात ना उकळत्या पातेल्यातून, ते.’

त्या पातेल्याभोवती पहाटे अर्धी बस काड्या हातात घेऊन उभी होती. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या सदऱ्यावर त्या चटणीचा डाग अजून ताजा होता, आणि आता तो त्यावर हात ठेवून खिडकीबाहेरचे ताड मोजत होता. जो तो आपल्या चपलांकडे पाहू लागला.

‘पोटात आहे म्हणजे गाडीतच आहे,’ को वुन्ना म्हणाला.

मास्तरीणबाई मध्ये पडल्या. पोटात गेलं की ते मटण राहत नाही, त्याचं रक्त होतं, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. किती वेळानं होतं, असं को वुन्नानं अदबीनं विचारलं. बाई भूगोल शिकवायच्या. त्यांना तिथं थांबावं लागलं. मागून कुणी म्हणालं, देवांना पोटातलं थोडंच दिसतं. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, देवांना दिसत नाही तर मग कुणाला दिसतं, डॉक्टरला? वाद असा रंगात आला की उन्हाचाही थोडा वेळ विसर पडला.

त्या वादात सगळे होते, ऊ हान टिन सोडून. तो टोपली आवरत होता.

‘माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको,’ तो म्हणाला. ‘मी मागून येतो.’

त्याला कुणी उतरा म्हणालं नव्हतं. बसून राहा असंही आता कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे माणसाला हाकलावं लागत नाही, भीड त्याला उठवते. को वुन्नाला मनातून वाईट वाटलं असावं. मागून ट्रक येतात, अंधाराआधी एखादा मिळेल, असं तो दोनदा म्हणाला, आणि भाड्यातले काही पैसे परत द्यायला त्यानं को न्योला सांगितलं. म्हाताऱ्यानं ते न मोजता खिशात घातले. स्टुलांवरच्या माणसांना ओलांडताना तो प्रत्येकाची माफी मागत गेला. ओन यिनचीही मागितली.

त्या वेळी शब्द तिच्या दातांपर्यंत आले होते. काही फार नव्हते, माझ्याकडे आहे, एवढेच. पण तिनं हिशेब मांडला. बोललं तर डबा खड्ड्यात जाईल, भावाचे दोन घास जातील, भर उन्हात आपणही खाली उतरू, आणि मंडालेच्या गाडीतळापर्यंत ही गोष्ट आपल्या आधी पोचेल. नाही बोललं तर म्हाताऱ्याला ट्रक मिळेल आणि सगळ्यांचंच निभावेल. हिशेब तिच्या बाजूनं आला. जो मांडतो त्याच्या बाजूनं तो बहुतेक येतोच.

म्हातारा खाली उतरला, को वुन्नानं चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. मधल्या वेळात को न्योनं रेडिएटरमध्ये कॅनभर पाणी ओतलं होतं आणि वादाच्या नादात इंजिन चांगलं गार झालं होतं, हे कुणी जमेस धरलं नाही. लोकांनी हात जोडले. कांद्याच्या व्यापाऱ्यानं सगळ्यांत आधी जोडले.

‘मावशी, आता कशाला स्टुलावर,’ को न्यो म्हणाला, ‘काकांची सीट रिकामी आहे, बसा.’

ती बसली. सीट अजून कोमट होती. जन्मात पहिल्यांदा स्टुलाच्या भाड्यात तिला खिडकी मिळाली होती, आणि त्या खिडकीतून मागे पाहिलं तर धुळीत ऊ हान टिन उभा होता. धूळ लागू नये म्हणून त्यानं टोपली सदऱ्याच्या आत घेतली होती आणि पोट वाढल्यासारखा दिसत होता. मागच्या बाकावर कुणाला त्याचं हसू आलं.

‘थांबवा,’ ओन यिन म्हणाली.

को न्योला वाटलं मावशीला झुडुपाआड जायचंय. तिनं मान हलवली. पिशवी उचलली, दारापर्यंत गेली. सगळे तिच्याकडे पाहत होते. बोलायची हीच वेळ होती आणि तिनं तोंड उघडलंही, पण बाहेर पडलं ते भलतंच.

‘म्हातारा माणूस, एकटाच आहे. मी थांबते त्याच्याबरोबर.’

गाडी गहिवरली. मागून साधू साधू असा आवाज झाला. मास्तरीणबाईंनी लावीची अंडी तिच्या हातात कोंबली, कांद्याच्या व्यापाऱ्यानं पाण्याची बाटली दिली. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं को वुन्ना म्हणाला आणि परत निघायच्या आधी त्यानं तिलाही हात जोडले. एवढं पुण्य तिच्या नावावर उभ्या जन्मात जमा झालं नव्हतं. ते सगळं घेऊन ती उन्हात मागे चालत गेली, आणि पिशवी दर पावलाला जड होत होती.

तिला येताना पाहून ऊ हान टिन उभाच राहिला. तिनं कारण सांगितलं, तेच, गाडीत सांगितलेलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ‘मुली, माझ्यासाठी कशाला गं,’ एवढंच तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी त्यानं स्वतःकडे घेतली. थोडं पुढे एका चिंचेखाली वाटसरूंसाठी पाण्याची मडकी ठेवलेली होती, तिथपर्यंत ती पिशवी तोच घेऊन गेला. ओन यिन मागून चालत राहिली. नको म्हणायला तिला तोंड नव्हतं.

त्यानं करवंटीनं पाणी काढून आधी तिला दिलं. सावलीतली बरी जागा तिला दिली. केळीचं पान सोडून भाताचे दोन भाग केले आणि मोठा तिच्याकडे सरकवला. हा भात भावाच्या घरी न्यायचा होता ना, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, की भाऊ असता तर त्यानंच तुला वाढला असता. पहिलाच घास तिनं नुसता हातात धरून ठेवला. मंडालेला तिचा भाऊ असाच घास घेऊन बसलेला असेल, असं तिच्या मनात आलं.

रस्ता मोकळाच होता. एक बैलगाडी गेली, एक ट्रक गेला तो न थांबता. ऊ हान टिन सावली किती सरकली ते पाहत होता, पण पाहतोय हे तिला कळू नये म्हणून मधूनमधून चिंचेची तारीफ करत होता.

‘पोचलो तर उद्या पाणी सोडताना तुझंही नाव घेईन,’ तो म्हणाला. ‘माझ्या वाट्यातलं तुला देईन. नाव काय म्हणालीस तुझं?’

ओन यिननं भात खाली ठेवला.

‘काका, मटण माझ्याकडे आहे.’

‘असू दे, मला भूक नाही फारशी.’

‘डुकराचं आहे. बसमध्येही होतं.’

त्यानं पिशवीकडे पाहिलं. मघा ती आपणच उचलून आणली, हे त्याला आठवलेलं तिला त्याच्या हातांवरून कळलं. ते त्यानं लुंगीला पुसले.

‘पहाटे विचारलं तेव्हा?’

‘होतं.’

‘माझी टोपली उघडली तेव्हा?’

‘तेव्हाही.’

‘मी उतरलो, तुला ओलांडून गेलो...’

तिनं मान खाली घातली. मग ती भराभर बोलू लागली. भावाचं, दोन घासांचं, मेणाचं, नारळापुढे सांगितल्याचं, तुकडा टाकायचा राहून गेल्याचं. शेवटी म्हणाली, बोलायची भीती वाटली, पण उतरले तरी तुमच्यासाठी.

‘उतरायला काय, मला एकट्यालाही येत होतं,’ ऊ हान टिन म्हणाला. ‘तू बोलायचं होतंस.’

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतून डबा काढला आणि शेतात भिरकावते म्हणाली. त्यानं हात आडवा केला. आजारी माणसाचं अन्न आहे, ते फेकून माझा गेलेला वेळ परत यायचा नाही, एवढं सांगून तो उठला. करवंटी धुऊन मडक्यावर पालथी घातली, टोपली घेतली आणि चिंचेच्या दुसऱ्या बाजूला, जिथं सावली संपत होती, तिथं जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. भाताचे दोन्ही भाग तिच्यापुढे तसेच राहिले.

बऱ्याच वेळानं ताडगुळाच्या पोत्यांचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर तोंडात पान कोंबलेला, पोट सुटलेला माणूस होता. एक जण पुढे, एक जण पोत्यांवर, असं त्यानं सांगितलं आणि त्यानंही तोच प्रश्न विचारला, डुकराचं वगैरे काही नाही ना.

‘आहे,’ ओन यिन म्हणाली. ‘आजारी भावासाठी नेतेय.’

ड्रायव्हरनं पान या गालातून त्या गालात घेतलं. ‘मग टाका तुकडा आणि चढा.’

तिनं नखांनी मेण खरवडलं, झाकण उघडलं, एक तुकडा रस्त्याच्या कडेला ठेवला आणि हात जोडले.

‘एकच?’ ड्रायव्हर म्हणाला. ‘दोघे भाऊ आहेत, भांडतील ना.’

तिनं दुसरा ठेवला. एवढ्यावर सगळं आटोपलं. पानाला चुना लावायला याहून जास्त वेळ लागतो. ऊ हान टिन पायरीवर एक पाय ठेवून हे सगळं पाहत होता. मग तो पुढे जाऊन बसला. पोत्यांवर चढताना ओन यिनला हात द्यायला कुणी नव्हतं, ती आपली आपण चढली.

ट्रक चांगला धावत होता. ऊन कलतं झालं होतं, पोत्यांचा गोड वास येत होता, आणि सीट सोडून पोत्यांवर बसल्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, की इतकं सोपं होतं तर आपण बोललो का नाही. आणि प्रत्येक फेरीला त्याचं उत्तर आदल्या फेरीहून वाईट येत होतं.

एका वळणानंतर ती बस दिसली. रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं, को वुन्नाचे फक्त पाय बाहेर. माणसं सावलीच्या तुकड्यांत विखुरलेली. ट्रकनं वेग कमी केला. को न्योनं केबिनमधल्या म्हाताऱ्याला ओळखलं.

‘काका, तुमचं पोट उतरलं तरी आमची गाडी ऐकेना,’ तो ओरडला, आणि लोक हसले. मग कांद्याचा व्यापारी म्हणाला, की म्हाताऱ्यानं काहीतरी सीटखाली चिकटवून ठेवलं असणार, या लोकांचा काही नेम नाही, मी मघापासून सांगतोय. दोघे जण खरोखरच सीटखाली वाकून शोधत होते. चालत्या ट्रकच्या पोत्यांवरून ओन यिनला सगळं दिसत होतं. तिला ऊ हान टिनचं डोकंही दिसत होतं, केबिनच्या मागच्या जाळीतून. ते वळलं नाही.

तिनं केबिनच्या टपावर थापा मारल्या.

ट्रक थोडा पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून काय झालं म्हणून विचारलं. उतरायचंय, असं ती म्हणाली. त्यानं सांगितलं, की तो थांबणार नाही, मेक्तिलाच्या पुढे त्याला माल उतरवायचा आहे आणि तिथून या काकांना मंडालेची गाडी धरून द्यायची आहे. ती म्हणाली, माहीत आहे.

पोत्यांवरून उतरून ती केबिनच्या खिडकीशी आली. ऊ हान टिन टोपलीवर हात ठेवून बसला होता. काहीतरी म्हणावं असं तिला वाटलं, पण जे म्हणायचं ते इथं म्हणून उपयोग नव्हता.

‘पोचाल ना वेळेवर?’ तिनं विचारलं.

‘पोचेन असं वाटतंय,’ तो म्हणाला. मग बसकडे एकदा बघून म्हणाला, ‘जा.’

ट्रक गेला. ती पिशवी घेऊन बसपाशी आली, तेव्हा मास्तरीणबाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला. किती थकलीयस गं, काय करून घेतलंस हे, असं त्या म्हणू लागल्या. ओन यिननं हात सोडवून घेतला आणि को वुन्नाच्या पायांपाशी जाऊन उभी राहिली. तो बाहेर सरकला. तोंडभर काळं तेल लागलं होतं.

‘डुकराचं माझ्याकडे होतं,’ ती म्हणाली. ‘सकाळपासून. त्या काकांकडे काही नव्हतं.’

को वुन्नाला ते उमगायला वेळ लागला. उमगल्यावर तो रागावला नाही, उलट गोंधळला.

‘पण मघापासून तर तुम्ही गाडीत नाही. मग आता का बंद पडली?’

‘गाडीचं मला कळत नाही. काकांकडे काही नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.’

को न्यो पिशवीकडे पाहत होता, जिच्यात त्यानं नाक घातलं होतं. मास्तरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. कांद्याच्या व्यापाऱ्याची नजर तिच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीवर गेली, मग स्वतःच्या सदऱ्यावर, आणि तो तोंड फिरवून दुसरीकडे पाहू लागला. सीटखाली वाकलेले दोघे हात झाडत दारात आले आणि विचारू लागले, की काय झालं, मावशी काय म्हणाल्या.

‘मावशी,’ को वुन्ना म्हणाला, ‘मागच्यांना ऐकू गेलं नाही.’

ती रस्त्याच्या उंचवट्यावर चढली, जिथून ती सगळ्यांना दिसत होती, आणि पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.